आतली कडी

कुलूपबाईंनी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला तेव्हा पांढरा रंग अंगठ्याला लागला. चौकटीतली भोकं पुट्टी भरून बुजवली होती, वरून एक घाईचा हात मारला होता, पण वाळायला वेळ दिला नव्हता. बाईंनी अंगठा रुमालाला पुसला आणि त्या पुढच्या दाराकडे गेल्या. तिथेही तशीच बुजवलेली भोकं, तसाच ओला रंग.

"काल संध्याकाळी काम संपलं," मागून व्यवस्थापक म्हणाला. त्याच्या हातात चाव्यांचा भलामोठा जुडगा होता. "तुमचं पत्र आलं आणि लगेच सुतार बोलावला. अठरा खोल्या, आतल्या अठराच्या अठरा कड्या काढून टाकल्या."

"छान केलंत," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांच्या पत्राला इतक्या तत्परतेने मान देणारी माणसं त्यांना फारशी भेटत नसत. बहुतेक ठिकाणी 'करतो, बघतो' म्हणून वेळ मारून नेत. हातातल्या तक्त्यावर एकतिसाव्या प्रश्नापुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

कुलूपबाई हे नाव त्यांना कार्यालयाने दिलं होतं, आणि आता ते इतकं रुळलं होतं की शिपायापासून साहेबांपर्यंत कोणालाच त्यात चेष्टा वाटत नसे. त्यांचं कार्यालय माणसं परदेशी नोकरीला पाठवायचं. परिचारिका, वीजकामगार, कधी स्वयंपाकी. माणसं जाण्याआधी कुलूपबाई जायच्या. दवाखाना किती मिनिटांवर आहे ते एकदा चालत आणि एकदा गाडीने मोजायच्या. पोलीस ठाण्यात जाऊन रात्रपाळीला कोण असतं ते विचारायच्या. बसथांब्यावर तासभर उभं राहून कोण कोणाकडे कसं बघतं ते टिपायच्या. आणि जिथे माणसं राहणार त्या घरात स्वतः पाच दिवस राहायच्या. घरी सून म्हणायची, आई लग्नाला गेल्या तरी नवरा-नवरीच्या आधी मागचा दरवाजा बघून येतात. बाई हसायच्या, कारण ते खरंच होतं.

या खेपेला अठरा परिचारिका होत्या. शहर तसं बरं नव्हतं. गेल्या वर्षी इथे दंगल झाली होती आणि दोन चौकांत जळालेल्या दुकानांची काळी शटरं अजून तशीच होती. मोर्चे अधूनमधून निघत. पण रुग्णालय मोठं होतं, पगार चांगला होता, आणि रुग्णालयाने परिचारिकांसाठी दिलेलं हे दुमजली घर सात मिनिटांच्या अंतरावर होतं. उंच भिंत, वर तार, फाटकावर दोन पहारेकरी. व्यवस्थापक बाईंच्या देशात सहा वर्षं हॉटेलात काम करून आलेला, त्यामुळे त्यांची भाषा सफाईने बोलायचा. पोरींना निदान घरात तरी खाणाखुणा कराव्या लागणार नाहीत, असं बाईंनी तक्त्याच्या कडेला लिहिलंसुद्धा.

"कड्या का नकोत तुम्हाला, विचारू का?" जिना उतरताना व्यवस्थापकाने विचारलं. "लोक उलट जास्त कड्या मागतात."

"आग लागली तर बाहेरून दार उघडता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांची एकेक चावी तुमच्याकडे राहील. ती कधीही हरवता कामा नये."

"ती माझ्या कमरेलाच असते," तो म्हणाला.

आठ वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका देशात, बाईंनीच पास केलेल्या घराला पहाटे आग लागली होती. बावीस मुली होत्या. एकवीस बाहेर आल्या. टोकाच्या खोलीतली एक आली नाही. पहारेकऱ्याने चावी लावली, कुलूप उघडलंही, पण आतून कडी होती. दार तोडायला जितका वेळ लागला तितक्या वेळात धुराने काम केलं होतं. बाई स्वतः त्या मुलीच्या सामानाची पेटी घेऊन तिच्या घरी गेल्या. वडिलांचं खिळे-बिजागऱ्यांचं छोटं दुकान होतं. ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "चावी होती म्हणता, मग दार कसं नाही उघडलं?" बाईंनी खरं ते सांगितलं. मग न विचारता त्या म्हणून गेल्या, "काका, यापुढे माझ्या हाताखालून जाणारी एकही मुलगी कडीमागे झोपणार नाही." वडिलांनी नुसती मान हलवली. त्यानंतर 'दाराला आतून कडी नाही ना?' हा एकतिसावा प्रश्न तक्त्यात आला. दरवर्षी त्या तारखेला बाई काकांना फोन करायच्या. तब्येत विचारायच्या, पाऊसपाणी विचारायच्या, ठेवताना कड्या बंद केल्याचं सांगायच्या. मुलीचं नाव दोघंही काढत नसत.

बाईंना वरच्या मजल्यावरची नऊ नंबरची खोली मिळाली. लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, खिडकीशी टेबल आणि टेबलाला लाकडी खुर्ची. सकाळी त्या बाहेर पडल्या, दिवसभर रस्ते पालथे घातले आणि साडेपाचला परत आल्या, तर खोली झाडलेली होती, चादर बदललेली होती, आणि खुर्ची टेबलापाशी नव्हती. दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. झाडताना सरकवली आणि विसरली, असं म्हणून बाईंनी ती उचलून परत टेबलाशी नेली.

झाडणारी बाई पन्नाशीची असेल. बुटकी, रुंद हाडाची, डोक्याला घट्ट रुमाल. तिला बाईंची भाषा येत नव्हती आणि बाईंना तिची. घरी कामाला येणाऱ्या बाईला मावशी म्हणायची सवय, म्हणून मनातल्या मनात बाई तिलाही मावशीच म्हणू लागल्या. मावशी हसायची नाही. जिन्यात भेटली की बादली एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची आणि भिंतीला चिकटून वाट द्यायची. व्यवस्थापक आसपास असला तर खालीच बघायची.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा दाराशी होती. तिसऱ्या दिवशीही. बाईंना आता राग यायला लागला. दिवसभर पायपीट करून आल्यावर टिपणं उतरवायला बसावं, तर आधी खुर्ची वाहायची. काय ही बाई, असं पुटपुटत त्यांनी ती ओढत आणली. त्या टेबलाशी बसल्या, तेवढ्यात फोन वाजला.

फोन अठरा जणींपैकी सगळ्यांत मोठीचा होता. तिला सगळ्या मुली थोरली म्हणत. तिचे प्रश्न नेहमी यादी करून यायचे. उशी मिळते का, की आणायची? पाणी उकळून प्यावं लागतं का? शेवटचा प्रश्न मात्र यादीतला नव्हता.

"बाई, खरं सांगा. भिण्यासारखं आहे का काही?"

"बाहेर मी सांगेन तसं वागायचं. मोर्चाच्या दिवशी मागच्या रस्त्याने जायचं, एकटीने नाही. घराची मात्र काळजी सोडा. घर पक्कं आहे."

"तुम्ही राहिलात ना तिथे?"

"राहतेच आहे."

"मग झालं. आई तेच विचारत होती, बाईंनी बघितलंय ना? बाईंनी बघितलं असेल तर मला झोप लागेल म्हणाली." थोरली हसली. "परवा राजीनामा दिला मी. आम्ही सगळ्यांनीच दिलाय. आता तुम्ही नाही म्हणालात तर आमची पंचाईतच आहे."

"तिकिटं कधीची आहेत?"

"दहा तारखेची."

फोन ठेवून बाईंनी तक्ता पुढे ओढला. सत्तेचाळीसपैकी चव्वेचाळीस प्रश्नांपुढे बरोबरची खूण होती. राहिलेले तीन रस्त्याचे होते आणि त्यांची उत्तरंही जवळपास ठरली होती. इतकं नीटनेटकं घर त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी साहेबांना निरोप पाठवून दिला, घराला माझी हरकत नाही, सविस्तर नंतर.

चौथ्या दिवशी दुपारी बाई लवकर परतल्या. टाच सोलवटली होती आणि चालवत नव्हतं. नऊ नंबरचं दार उघडं होतं, मावशी खाटेवरची चादर ताणत होती. खुर्ची दाराशी होती.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मावशीच्या देखत खुर्ची उचलली, टेबलाशी नेऊन ठेवली आणि टेबलावर बोट आपटलं. जागा ही, असं तिला स्पष्ट कळावं म्हणून.

मावशी चादर सोडून उभी राहिली. तिने बाईंकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, मग बोळात डोकावून आली. आत येऊन तिने दार लावून घेतलं. टेबलाशी जाऊन खुर्ची उचलली, ती दाराशी आणली, आणि मागच्या दोन पायांवर तिरकी करून तिची पाठ दाराच्या मुठीखाली घट्ट बसवली. मग मूठ दाबून दाखवली. मूठ हलली नाही. दार ओढून दाखवलं. तेही हललं नाही. मग ती खाटेच्या काठावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि दाराकडे बघत राहिली. एखादी बसून राहते तशी, झोप येत असताना झोपायचं नाही म्हणून.

किती वेळ ती तशी बसली कोण जाणे. पाव मिनिटसुद्धा नसेल. मग उठली, खुर्ची काढली, ती होती तिथे, दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली, बादली उचलली आणि गेली.

बाई उभ्याच राहिल्या. मग बोळात येऊन त्यांनी आपल्याच दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. रंग आता वाळला होता. बुजवलेली भोकं कमरेच्या उंचीवर लागली. आठ नंबरला ती खांद्याशी होती. दहाला छातीशी, आणि तिथे दोन जोड्या होत्या, एक मोठ्या स्क्रूची आणि एक बारीक. अकराला अगदी खाली, गुडघ्याशी. बाई एकेका दारापाशी थांबत टोकापर्यंत गेल्या. अठरा दारं आणि कोणत्याही दोन दारांची उंची जुळत नव्हती.

घर बांधणारा कड्या बसवतो तेव्हा त्या एका रेषेत असतात. हे कळायला कुलूपबाई असण्याचीही गरज नव्हती. या कड्या घराने बसवलेल्याच नव्हत्या. इथे आधी राहून गेलेल्या मुलींनी एकेक करून बाजारातून आणल्या होत्या, मिळेल त्या मापाच्या, आणि हाताला येईल त्या उंचीवर ठोकल्या होत्या. कोणी पहिल्याच आठवड्यात, कोणी महिन्याभराने. आणि कुलूपबाईंच्या सहीचं पत्र आलं, तेव्हा त्या सगळ्या एका दिवसात निघाल्या.

आधीच्या मुलींबद्दल पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं. करार संपला, गेल्या, असं व्यवस्थापक म्हणाला होता. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं होतं.

पण नुसत्या भोकांवरून माणसावर ठपका ठेवायचा नाही, एवढी शिस्त त्यांच्यात होती. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, "पायाने आज दावा मांडलाय. चार वाजेपर्यंत पडते जरा. गोळी घेतलीय, गाढ झोप लागेल. कोणी उठवू नका."

"खुशाल झोपा मॅडम," तो म्हणाला. "मी बघतो कोणी आवाज करणार नाही."

बाई वर आल्या. आतून कुलूप लावलं आणि चावी काढून खिळ्याला अडकवली. कुलपात चावी ठेवायची नाही हाही त्यांचाच नियम, बाहेरची चावी आत जावी म्हणून. मग खुर्ची मावशीने दाखवली तशी तिरकी करून मुठीखाली बसवली. बूट न काढता खाटेच्या काठावर बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणही दोन्ही हात मांडीवर ठेवले आहेत.

अडीच वाजले. तीन वाजले. खाली फाटकाशी कोणाची तरी गाडी लागली, निघून गेली. आपण उगाच एका भल्या माणसावर पाळत ठेवून बसलो आहोत असं बाईंना वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर तसंच निघावं अशी त्यांची इच्छाही होती. अठरा राजीनामे दिले गेले होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी कुलपात चावी शिरली. पायांचा आवाज आलाच नव्हता. चावी सावकाश फिरली, अगदी सवयीच्या हाताने, शेवटचा खटका होऊ नये म्हणून धरून धरून. मूठ दबू लागली, खुर्चीला लागली आणि थांबली. पुन्हा एकदा थोडी दबली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. दाराच्या त्या बाजूला कोणीतरी श्वास रोखून उभं होतं आणि या बाजूला बाई.

मग टकटक झाली.

"मॅडम? टॉवेल आणलेत."

"बाहेर ठेवा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला.

पावलं गेली. ती मात्र आता नीट ऐकू आली. बाईंनी पाच मिनिटांनी दार उघडलं. बाहेर टॉवेल नव्हते.

त्यांनी दार लोटून घेतलं. वय त्रेपन्न, केस अर्धे पांढरे, सोबत कार्यालयाचं ओळखपत्र, आणि तरी ही गत. ज्या पोरी दोन-दोन पाळ्या करून येऊन मेल्यासारख्या झोपणार होत्या, त्यांचं काय झालं असतं हे त्यांना पुढे विचारवेना. त्या खाली गेल्या. व्यवस्थापक चहा घेऊन तयारच होता.

"झोपमोड केली का मी?" तो म्हणाला. "दार जरा अडकल्यासारखं वाटलं."

मावशी त्याच वेळी जिना पुसत होती. तिचा हात थांबला नाही, पण एकच पायरी पुन्हा पुन्हा पुसली जात होती.

"माझी जुनी खोड आहे हो ती," बाई हसत म्हणाल्या. "जगात कुठेही जाऊ दे, दाराला बॅग लावल्याशिवाय मला झोप येत नाही. वीस वर्षांची सवय. उगाच नाही कुलूपबाई म्हणत मला." आणि खुर्चीचं नाव न काढता त्यांनी तो चहा सगळा पिऊन टाकला. इतकं अवघड काम त्यांनी त्या पाच दिवसांत दुसरं केलं नव्हतं.

संध्याकाळी रुग्णालयाच्या बागेतल्या बाकावरून त्यांनी साहेबांना फोन लावला आणि जे घडलं ते वेळेसकट सांगितलं. मावशीचा उल्लेख केला नाही.

साहेब म्हणाले, "बाई, परवा तुम्हीच हरकत नाही म्हणालात."

"चुकले मी. ते घर नको. रुग्णालयाला मी लेखी दिलंय, चावी, वेळ, सगळं. सहीनिशी. त्यांनी दुसरी जागा दिली आणि तिथे हा माणूस नसला, तर मी पुन्हा येऊन बघेन. तोपर्यंत दहा तारीख रद्द."

"अठरा जणींनी नोकऱ्या सोडल्यात. त्यांना काय सांगायचं?"

"थोरलीला मी सांगते. शिव्या खायच्या त्या मी खाईन."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते.

"अजून एक आहे. एकतिसावा प्रश्न काढायचा. तक्त्यातून."

"अहो, तो तुमचाच."

"म्हणून तर. मुलींच्या खोलीला आतून कडी पाहिजे. खिडकीचे गज आतून उघडणारे पाहिजेत, धुराची घंटा पाहिजे, जास्तीची चावी मुलींमधल्याच एकीकडे पाहिजे. आगीचं काय करायचं ते या मार्गाने करू. आणि आजवर ज्या ज्या घरांतून आपण कड्या काढायला लावल्या, त्या सगळ्यांना पत्र जायला हवं."

"किती घरं आहेत?"

"चौतीस," बाई म्हणाल्या. तो आकडा त्यांनी दुपारीच काढला होता.

थोरलीने शिव्या दिल्या नाहीत. ऐकून घेतलं, एकदाच विचारलं, "बाई, तुम्हाला काही झालं नाही ना?" आणि मग ती रडली. नोकरी गेली म्हणून रडली की वाचलो म्हणून, ते बाईंनी विचारलं नाही.

सकाळी निघताना मावशी फाटकापाशी झाडत होती. बाई थांबल्या. पहारेकरी बघत होता, म्हणून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मावशीने झाडू बाजूला घेऊन बॅगेच्या चाकांना वाट करून दिली.

विमानाला दोन तास होते. प्रतीक्षागृहात खिडकीशी बसून बाईंनी काकांचा नंबर काढला. ही काही फोन करायची तारीख नव्हती. पण त्यांनी त्या पायरीवर एक शब्द दिला होता आणि तो आता मोडणार होत्या. हे काकांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं त्यांना वाटत होतं.

"ताई? आज कसा काय फोन?" काकांचा आवाज आता बराच थकला होता. मागे दुकानात कोणीतरी खिळे वजन करत होतं, तराजूत ओतल्याचा आवाज येत होता.

"काका, एक सांगायचं होतं. मी तुम्हाला म्हटलं होतं ना, मुलींच्या दारांना कडी राहणार नाही म्हणून. तो नियम मी काढतेय. कड्या परत बसवायला सांगतेय."

"बरं," काका म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी तुम्हाला सांगितलं."

"नाही हो. वाईट कशाला वाटेल?" ते कोणाला तरी 'जरा बाहेर थांब' म्हणाले. तराजूचा आवाज बंद झाला. "उलट बरंच झालं. दरवर्षी तुमचा फोन यायचा, ठेवताना तुम्ही म्हणायचात, कड्या बंद केल्यात हो काका. आणि मी गप्प बसायचो. मला ऐकवायचं नाही ते."

"का?"

"ती कडी मीच पाठवली होती."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"तिने मागितली होती. म्हणाली, बाबा, आपल्या दुकानातली सगळ्यात दणकट असेल ती पाठवा. मी म्हटलं, तुला कशाला? घरी तर तू कधी कडी लावायची नाहीस. लहानपणी न्हाणीघरात अडकली होती एकदा, तेव्हापासून तिला बंद दाराची भीती. आंघोळीलासुद्धा दार नुसतं लोटून घ्यायची आणि तिची आई बाहेर उभी राहायची. तर म्हणाली, तुम्ही पाठवा हो, प्रश्न विचारू नका. तिच्या शेजारच्या खोलीतली मुलगी तेव्हा सुट्टीला आली होती, तिच्याबरोबर दिली. त्या मुलीनेही एक मागितली. म्हणून दोन दिल्या. जाड लोखंडाच्या. पैसेही नाही घेतले. साधी पत्र्याची दिली असती तर लाथेने तुटली असती. नाही का?"

समोरच्या काचेपलीकडे माणसं बॅगा ओढत चालली होती.

"आठ वर्षं मी एकच विचार करतोय, ताई. तिला एवढी दणकट कडी हवी कशाला होती?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. पण ते आपण द्यायचं नाही, निदान असं फोनवर, अंदाजाने तरी नाही, हे त्यांना कळत होतं. आठ वर्षांपूर्वी त्या घराचा पहारेकरी कोण होता, चावी कोणाच्या कमरेला होती, यातलं त्यांनी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. आग कशी लागली, दार का उघडलं नाही, एवढंच विचारलं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "ती शेजारच्या खोलीतली मुलगी. दुसरी कडी नेलेली. तिचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

"असेल. पोरीच्या वहीत असेल. वही त्या पेटीत आहे, तुम्हीच आणून दिली होतीत. मी उघडली नाही कधी. थांबा, चष्मा घेतो."

त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग सावकाश, एकेक पाऊल टाकत ते आतल्या खोलीकडे गेले. बाई फोन कानाला धरून बसून राहिल्या. त्यांच्या विमानाची सूचना झाली, रांग लागली, पुढे सरकू लागली, आणि त्या ऐकत होत्या, दूर कुठेतरी एक पेटी ओढली जात होती.